नाना पगारांची गावफेरी

नाना पगारांच्या माइकला थंडी वाजायची. निदान नानांचं म्हणणं तसं होतं. बाहेर रेकॉर्डिंगला गेलं की वारा माइकवर आपटून फर्र फर्र आवाज येतो, म्हणून माइकला फोमचं टोपण घालतात. आमच्या केंद्रातलं टोपण उंदरांनी खाल्लं आणि नव्या टोपणाची मागणी वरच्या ऑफिसात कुठेतरी पाय पसरून बसली. तेव्हा नानांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, माइकसाठी लोकरीची कानटोपी विणून दिली. लाल रंगाची, वर गोंडा, खाली हनुवटीशी बांधायला नाड्या. माइकला हनुवटी नसते हे काकूंना कुणी सांगितलं नाही, आणि नाना त्या नाड्या दरवेळी रीतसर बांधायचे. आमदार असो, मुरलेला गवई असो की चौथीतलं पोर असो, नाशिक जिल्ह्यातल्या बहुतेक सगळ्यांनी आपलं मनोगत त्या गोंड्यासमोर व्यक्त केलेलं आहे. एका संमेलनाच्या अध्यक्षांनी माइककडे बोट दाखवून विचारलं, "यांना बरं नाही का?" नाना म्हणाले, "बरं हाय, पण सकाळधरून फिरतोय ना बिचारा."

मी तेव्हा नाशिकच्या सरकारी रेडिओ केंद्रावर हंगामी निवेदिका म्हणून नुकती यायला लागले होते. हंगामी म्हणजे काम असेल तेव्हा बोलावणार, नसेल तेव्हा तुम्ही आणि तुमचा आवाज दोघे घरी. नानाही हंगामीच, पण त्यांचा हंगाम कित्येक वर्षं चालू होता. आडनाव पगार आणि पगार नाही, हा विनोद त्यांच्यावर रोज कुणीतरी करायचं, आणि करणाऱ्याला वाटायचं की जगात हा आपल्यालाच सुचला. नाना दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे खो खो हसायचे. मला मात्र संताप यायचा. मी मुळात तापट, आणि नानांच्या वाट्याचं चिडणंही मीच करून टाकायचे.

नाना दिसायला किरकोळ होते. पांढरा शर्ट, खांद्याला शबनम, पायात पावसाळी चपला, त्याही बाराही महिने. पण आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, सहा फुटी पैलवान बोलतोय. बाहेरगावी गेलो की लोक माझ्यामागे उभ्या असलेल्या ड्रायव्हरला हार घालायचे. ड्रायव्हर तो हार काढून नानांच्या गळ्यात घालायचा आणि नाना तो माइकच्या गळ्यात. नाना मूळचे सटाण्याकडचे. माइकसमोर अगदी शुद्ध बोलायचे, पण खुशीत आले किंवा घाबरले की अहिराणी बाहेर पडायची.

त्यांचा कार्यक्रम म्हणजे 'गावफेरी'. दर शुक्रवारी संध्याकाळी अर्धा तास. जिल्ह्यात आठवडाभरात कुठे नाटकाची स्पर्धा झाली, कुठे शाळेची शंभरी झाली, सुरगाण्याकडे बोहाड्यात कोण कुठलं सोंग घेऊन नाचलं, येवल्याच्या विणकराने पदरावर कुठला नवा मोर काढला, सगळं त्यात यायचं. मोठ्या बातम्यांत नानांना रस नव्हता. "दिल्लीत काय चाललंय ते सांगायला सतरा जणं आहेत," ते म्हणायचे. "पण सटाण्याच्या वाचनालयाची गळती थांबली, हे मी नाही सांगितलं तर कोण सांगणार?" ती गळती थांबल्याची बातमी त्यांनी पहिल्या नंबरला घेतली होती. त्या आठवड्यात सरकार बदललं होतं.

नानांचे दोन नियम होते. पहिला, कलाकार समोर असला की आपण तोंड मिटायचं. कुणी गात असेल, वाजवत असेल, संवाद म्हणत असेल, तर त्यावर निवेदकाने बोलणं म्हणजे नानांच्या लेखी ब्रह्महत्या. दुसरा, कुठलाही कलाकार टाळीशिवाय परत जाता कामा नये. या दोन नियमांपायी आम्ही जे भोगलंय ते आमचं आम्हाला ठाऊक.

एकदा नाना चित्रप्रदर्शनाचा वृत्तांत करायला निघाले. मी म्हटलं, "नाना, रेडिओवर चित्रं कशी दाखवणार?" ते म्हणाले, "दाखवायची कशाला? चित्र बघणारा माणूस ऐकवायचा." झालं. प्रत्येक चित्रासमोर नाना कानटोपी धरून उभे. रेकॉर्डिंगमध्ये काय, तर "हं." मग पावलं. मग "हंऽऽ." मग कुणीतरी "हे काय आहे?" मग त्याची बायको, "गप्प बसा, बैल आहे." मग चित्रकाराचा दुखावलेला आवाज, "तो गंगाघाट आहे." शेवटी नानांनी चित्रकारालाच विनंती केली, "आता जरा कुंचला फिरवून दाखवा, जोरात." बिचाऱ्याने कोऱ्या कॅनव्हासवर कोरडा कुंचला खसाखसा घासला. ऐकताना वाटावं, कुणीतरी मोरी धुतंय. पण प्रदर्शनाला पुढच्या दोन दिवसांत जी गर्दी लोटली ती त्या चित्रकाराने जन्मात पाहिली नव्हती. सगळे येऊन एकच विचारत होते, "तो बैल कुठला?"

टाळ्यांच्या नियमापायी नानांनी टाळ्यांचा साठाच करून ठेवला होता. गावोगावच्या टाळ्या वेगवेगळ्या फाईलींत. त्यांना त्या ओळखू यायच्या. मनमाडकर गाडी सुटायच्या आत उरकावी तशी झटपट टाळी वाजवतात, नाशिककर आधी शेजारी वाजवतोय का ते बघतात, आणि लासलगावची टाळी कमी पण दणकट, असं ते सांगायचे. मला तर सगळ्या टाळ्या पावसासारख्याच वाटायच्या. कुठे प्रेक्षक कमी पडले की नाना त्याच भागातली टाळी साठ्यातून काढून जोडायचे. फसवणूक म्हणाल तर म्हणा. ते त्याला उसनवारी म्हणायचे.

सिन्नरजवळच्या एका गावात भजन स्पर्धा होती. पहिलं बक्षीस मिळवलेल्या बुवांची पाळी नेमकी जेवणाच्या वेळेला आली. तिकडे पंगत बसली आणि इकडे मांडवात बुवा, त्यांचे टाळकरी, परीक्षक आणि नाना. बुवांनी जीव तोडून अभंग म्हटला, पण टाळी वाजवायला मोकळा हात नव्हता. सगळे हात आमटीत. नाना हळहळले. केंद्रावर येऊन घाईघाईत त्यांनी सिन्नरची टाळी जोडली आणि शुक्रवारी कार्यक्रम गेला.

बुवांचा अभंग संपला. टाळ्या सुरू झाल्या. आणि टाळ्यांच्या वरून एक खणखणीत आवाज आला, "सुभानल्ला! मुकर्रर, मुकर्रर! क्या बात है!"

ती टाळी मालेगावच्या मुशायऱ्याची होती.

दुसऱ्या दिवशी बुवा केंद्रावर हजर. धोतर, उपरणं, कपाळाला बुक्का, मागे चार टाळकरी. मी नानांना म्हटलं, तुम्ही मागच्या दाराने जा. नाना म्हणाले, "चूक आपली हाय, जायचं कुठं?" आणि पुढे होऊन हात जोडून उभे राहिले. बुवा म्हणाले, "ते मुकर्रर मुकर्रर म्हणजे काय हो?"

"म्हणजे... पुन्हा एकदा म्हणा, असं."

"असं व्हय!" बुवांचा चेहरा फुलला. "मंग म्हणतो ना. चला, लावा तुमची मशीन." ते साथीदारांसह त्याच तयारीने आले होते. ड्युटी रूममध्ये सतरंजी टाकून त्यांनी तोच अभंग पुन्हा म्हटला, आणि नानांनी तो कानटोपीत भरून घेतला.

तोवर मालेगावहून फोन आला. तो आवाज ज्यांचा, ते रशीदचाचा. यंत्रमागावर लुंग्या विणणारे, शायरीचे वेडे. म्हणाले, "नाना, मैं सिन्नर कब गया था? मोहल्ले में सब पूछ रहे हैं, चाचा, भजन में भी आप ही?" नानांनी माफी मागितली, तर चाचा म्हणाले, "माफी कायको? गाया तो अच्छा था ना उन्होंने? मैं होता तो यहीच बोलता." पुढच्या वर्षीच्या भजन स्पर्धेला बुवांनी चाचांना आग्रहाने बोलावलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. या वेळी पंगत नंतर ठेवली होती.

बाजारभाव वाचणारा गडी एकदा आजारी पडला म्हणून नानांना बसवलं. बाजारभाव म्हणजे कोरडं काम. बाजार समितीचं नाव, कांद्याचा प्रकार, कमीत कमी भाव, जास्तीत जास्त भाव, पुढचं नाव. नानांनी सुरुवात झकास केली. मग लासलगावचा आकडा आला. त्या दिवशी भाव सपाटून आपटला होता. नाना म्हणाले, "लासलगाव. उन्हाळ कांदा." मग थांबले. मग एक उसासा सबंध जिल्ह्याने ऐकला. मग ते म्हणाले, "जाऊ द्या. उद्या बघू. आता ऐका एक भावगीत."

त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला. नानांनी खुलाशात लिहिलं की आकडा मला वाचवला नाही. खुलासा नामंजूर झाला. पण लासलगावला गेलो की आजही मार्केट यार्डात एखादा म्हातारा ट्रॅक्टरवरून ओरडून विचारतो, "उद्या बघू म्हणणारे नाना कुठं हायेत?"

तर अशा या गावफेरीवर एक दिवस गदा आली. वरून कळलं की स्थानिक कार्यक्रम कमी करायचे आहेत. शुक्रवारच्या त्या अर्ध्या तासात मुंबईहून येणारा कार्यक्रम जोडून द्यायचा. पाहणीला सबनीस नावाचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. चष्मा, लॅपटॉप, आणि बिनसाखरेचा चहा. त्यांचा प्रश्न सरळ होता. "हा कार्यक्रम ऐकतं कोण? मला दाखवा. पूर्वी पत्रं यायची, आता येत नाहीत. फोनही कुणी करत नाही. मी काय लिहू?"

नाना त्या दिवशी जेवले नाहीत. डबा उघडला, ठेचा-भाकरीकडे बघितलं, परत बंद केला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मेमो आला तरी भाकरी चुरून खाणारा माणूस. मला म्हणाले, "ताई, मुंबईवाले चांगलंच काहीतरी लावतील. पण वाचनालयाचं छप्पर गळलं तर त्यांना कसं कळणार?" त्यांच्या तोंडून हे ऐकताना मला रडू आलं आणि हसूही आलं. छप्पर अजून त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

मग नानांनी डोकं चालवलं. जिल्हाभर ओळखीपाळखीच्या लोकांना सांगून ठेवलं, सकाळी केंद्रावर फोन करा. सकाळी साहेब बसलेले, आणि फोन घणघणू लागले. नाना मिशीत हसत उभे. साहेबांनी उचलला.

"हॅलो, कोण?"

"मी निफाडहून बोलतोय. नानांनी सांगितलंय फोन करा म्हणून."

"बरं. काय बोलायचं होतं?"

"ते नाही सांगितलं बा त्यांनी."

दुसरा फोन आला. "नानांचा मावसभाऊ बोलतोय. माझा नंबर लागला का?" तिसऱ्याने विचारलं, "किती वेळा करायचा फोन? एकदाच ना?" आमची माणसं इतकी सरळ की खोटं बोलायचं ठरवून दिलं तरी आधी खरं सांगून मोकळी होतात. साहेबांनी शांतपणे रिसीव्हर ठेवला. म्हणाले, "पगार, येत्या शुक्रवारी मी कार्यक्रमाच्या वेळी इथे ड्युटी रूममध्ये बसतो. कुणाला काही सांगायचं नाही. आपणहून एक जरी फोन आला, तरी मी विचार करीन."

नानांनी कबूल केलं, आणि शब्द असा पाळला की काकूंनासुद्धा सांगितलं नाही.

तो शुक्रवार उजाडला तेव्हा मी नानांना विचारलं, आज कार्यक्रमात काय काय आहे? माझी कल्पना, असं काहीतरी झणझणीत असेल की ऐकणाऱ्याने ताडकन उठून फोन केला पाहिजे. नाना म्हणाले, "कॉलेजांच्या नाट्यस्पर्धेचा वृत्तांत. पहिला नंबर आला त्या पोरांचा तुकडा ऐकवणार. तसा मी स्टेजवर शब्द दिलाय."

"काय केलं त्यांनी?"

"मूकनाट्य."

मी खुर्चीत बसले. "नाना, मूकनाट्यात बोलत नाहीत."

"माहितीये ना. लय झकास केलं पोरांनी. एक जण नुसता न दिसणारा दरवाजा ढकलत होता, तर माझ्याच खांद्याला घाम आला."

"संगीत तरी आहे का मागे?"

"त्यांनी नव्हतं घेतलं."

"मग तुम्ही वर बोला! सांगा तो काय करतोय ते!"

नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना देवळात चप्पल घालून जायला सांगितलंय. "कलाकार समोर असताना?" ते म्हणाले. मी हात टेकले. साहेब येऊन बसले होते. लाल दिवा लागला.

सुरुवात नेहमीसारखी झाली. पेठकडच्या एका शाळेचं गाणं, मग स्पर्धेचा निकाल. मग नाना त्यांच्या पैलवानी आवाजात म्हणाले, "आता ऐकू या, पहिल्या क्रमांकाचं मूकनाट्य."

आणि रेडिओ गप्प झाला.

नाही म्हणायला एक खुर्ची कुरकुरली. कुणीतरी खोकलं. मग ते खोकणंही थांबलं. पोरांनी कामच इतकं छान केलं होतं की प्रेक्षकांनी श्वाससुद्धा दाबून धरला होता.

काचेपलीकडे आमचे इंजिनिअर पठाणभाई बसले होते. त्यांचं मीटर झोपलेलं बघून ते जागचे उठले. "या अल्ला, ट्रान्समीटर गया!" म्हणत त्यांनी एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, एका यंत्राच्या पाठीत गुद्दा घातला. शेवटी 'व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत' आणि त्यामागची सनई लावायला हात पुढे केला. नाना स्टुडिओतून धावत बाहेर आले आणि पठाणभाईंचा हात दोन्ही हातांनी धरला. "काय करस रे भो! कलाकार समोर उभा शे!"

"नाना, हवा पर कुछ नहीं है!"

"हाय ना! दरवाजा ढकलतोय तो!"

ही झटापट चालू असताना ड्युटी रूममधला फोन वाजला.

साहेबांनी उचलला. फोनच्या स्पीकरवर आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "ओ साहेब, लासलगाववरून बोलतोय. रेडू बंद पडला का? आम्ही इथं गाडी भरतोय, नाना बोलंनाच."

"तुम्हाला कुणी फोन करायला सांगितलं?"

"मला कोण सांगणार? हात भरलेले हायेत माझे. नाना बोलतील तर गोणी उचलू ना."

ठेवला तोच पुन्हा वाजला. मनमाडचे एक निवृत्त गार्ड. "पगार ठीक आहेत ना? ते आणि गप्प, म्हणजे माणसाला काहीतरी झालंय. दवाखान्यात नेलं का?" मग सटाण्याकडची एक बाई. "हाऊ रेडू बंद पडना का भाऊ? नानाले काय व्हयनं? बरा शेतस ना त्या?" साहेबांना अहिराणी कळेना, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, नाना बरे आहेत ना, असं विचारतेय. साहेबांनी तिला कळावं म्हणून मोठ्याने ओरडून सांगितलं, "बरे शे! बरे शे!"

मग सुरगाण्याच्या घाटातून एक जीपवाला. "साहेब, इथं टेकाडावरच रेडिओ लागतो, म्हणून गाडी थांबवून ऐकतोय. लोक म्हणतात माझा रेडिओ बिघडला, मी म्हणतो तुमचं केंद्र बिघडलं. पैज लागली हे. कुणाचं खरं?"

"कुणाचंच नाही," साहेब म्हणाले. "मूकनाट्य चालू आहे."

मग जीपवाला मागे वळून ओरडला, "गप्प बसा रे सगळे, नाटक चालू हे!"

मालेगावहून रशीदचाचा होते. फक्त एवढंच म्हणाले, "साब, नाना से कहना, बहोत खूब," आणि ठेवून दिला. साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. फोन ठेवायची सोय राहिली नव्हती. त्यांनी फोनवरच्या एका बाईंना विचारलं, "तुम्ही दर शुक्रवारी ऐकता?" त्या मखमलाबादच्या, घरी झेंडूचे हार ओवणाऱ्या. म्हणाल्या, "ऐकतो म्हणजे काय, बसून नाही हो ऐकत. लावलेला असतो. आम्ही सात-आठ जणी माळा करतो, तो आपला बोलत असतो. आज एकदम बंद झाला ना, सगळ्यांचे हात थांबले बघा."

नेमकं त्याच वेळी मूकनाट्य संपलं. त्या शांततेतून टाळ्यांचा असा कडकडाट उठला की पठाणभाईंचं मीटर लाल रेघेपलीकडे गेलं. त्या उसन्या नव्हत्या, त्याच सभागृहातल्या होत्या. फोनमधून, त्या बाईंच्या घरातल्या रेडिओवर, तो कडकडाट आमच्याकडे परत ऐकू आला, आणि त्याबरोबर सात-आठ बायकांचा कल्ला. "आला, आला! चला गं, घ्या सुया हातात!" आणि साहेबांना अच्छासुद्धा न म्हणता त्यांनी फोन ठेवला.

नाना स्टुडिओत परत जाऊन बसले होते. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते म्हणाले, "आत्ता आपण ऐकलंत मूकनाट्य." पुढे पाच विद्यार्थ्यांची नावं अगदी निगुतीने घेतली.

त्याबद्दल मेमो आलाच. प्रसारणात विनाकारण शांतता ठेवल्याबद्दल. नानांना मेमोचं काही वाटलं नाही, पण 'विनाकारण' हा शब्द खटकला. त्यांनी खुलाशात त्या पोरांच्या नाटकाची सबंध गोष्ट लिहिली, दरवाज्यासकट.

आणि महिन्याभराने सबनीस साहेबांचा आदेश आला. केंद्रप्रमुखांनी तो आम्हा सगळ्यांसमोर वाचला. 'गावफेरी' पूर्वीप्रमाणे चालू ठेवावी, हे पहिलं वाक्य. आम्ही ओरडलो, पठाणभाईंनी मला टाळी दिली. दुसरं वाक्य असं होतं की वयोमर्यादा ओलांडलेल्या हंगामी निवेदकांना यापुढे काम देऊ नये. तो नियम जुनाच होता. नानांच्या बाबतीत आजवर कुणी पाळला नव्हता, एवढंच. आता जिल्ह्याने त्यांच्यासाठी फोन केले, साहेबांनी फाईल उघडली, आणि त्या फाईलमध्ये नानांचं वय निघालं.

मी केंद्रप्रमुखांशी भांडले. साहेबांना मुंबईला फोन लावून त्यांच्याशीही भांडले. साहेब मनापासून म्हणाले, "मला वाईट वाटतं, पण नियम मी कसा मोडू?" मी रागारागाने ड्युटी रूममध्ये आले, तर नाना पेढे वाटत होते.

"नाना, तुम्ही दुसरं वाक्य ऐकलंत का?"

"ऐकलं ना."

"मग पेढे कसले?"

"पहिल्याचे," ते म्हणाले. "दुसरं माझ्याबद्दल हाय, पहिलं गावफेरीबद्दल हाय. घे, मोठा घे." मी पेढा घेतला, मोठाच.

गावफेरी मी करायला लागले. त्यानंतर थोड्याच दिवसांत नाना आणि काकू मुलाकडे सटाण्याला राहायला गेले. घर बघायला गेले तेव्हा त्यांनी मुलाला पाण्याचं विचारलं नाही, आपल्या रेडिओची रेंज कुठल्या खोलीत येते ते विचारलं, असं काकूंनी मला फोनवर सांगितलं. ते जायच्या आधीचा माझा पहिला शुक्रवार मला लख्ख आठवतो. माझा आवाज दोनदा अडकला, एक नाव मी चुकीच्या गावाला जोडलं. कार्यक्रम संपवून मी गेटबाहेर आले तर समोरच्या भेळेच्या गाडीशी नाना उभे. हातात छोटा रेडिओ, कानाला लावलेला. शेजारी भेळवाला कांदा चिरायचा थांबलेला.

इतकी वर्षं नाना शुक्रवारी त्या वेळी आत असायचे. आपला कार्यक्रम रेडिओवर कसा ऐकू येतो, हे त्यांनी जन्मात पहिल्यांदाच ऐकलं होतं. मला वाटलं, आता चुका काढतील. मीच म्हटलं, "नाना, फार वाईट झालं का?"

"छे. छान येतो की रेडिओवर," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही. "मला वाटायचं, आवाज एवढा लांब जातो तर विरत असंल." मग जरा घुटमळले, आणि रस्त्यावरच्या कुठल्याही श्रोत्याने विचारावं तसं त्यांनी मला विचारलं, "पुढच्या शुक्रवारी हाय ना?"

"आहे नाना."

"मग झालं."

ते शेअर रिक्षात चढले. आधीच चौघं बसलेली, नाना ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे आत, अर्धे बाहेर. रेडिओ बंद करायचा विसरून तसाच शर्टाच्या खिशात घातलेला. गावफेरीनंतर शेतीचा कार्यक्रम लागतो. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत नानांच्या खिशातून द्राक्षाच्या छाटणीचा सल्ला ऐकू येत होता, आणि मागे बसलेला एक जण पुढे वाकून तो ऐकत होता.